फाटक, तिकीट आणि रांग : थीम पार्कच्या कौटुंबिक सहलीचा इतिहास

१/ दिवाळीची वा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की अनेक घरांत एकच खलबत सुरू होते. मुलांना थीम पार्कला न्यायचे आहे. पण कोणत्या दिवशी, किती पैशांत, आणि आजी-आजोबांना सोबत घ्यायचे की नाही? सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. लवकर पोचा, मधल्या वारी जा, मोठी राइड आधी उरका, दुपारी सावली गाठा. हे सल्ले खरेच आहेत. परंतु त्यांतल्या बहुतेकांमागे कोणाचा तरी व्यापारी हिशेब, एखादी फसलेली सकाळ किंवा एखादा लढा उभा आहे. आजच्या थ्रेडमध्ये तो इतिहास पाहू, आणि जाता जाता सहलीची आखणीही करू.

२/ प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडच्या जत्रेला फाटक नसते. देवदर्शनाला आलेला माणूस हिंडत हिंडत आकाशपाळण्यापाशी थांबतो, त्या एका पाळण्याचे पैसे मोजतो आणि खाली उतरला की पुन्हा गर्दीत मिसळतो. थीम पार्क याहून तीन बाबतींत वेगळे आहे. त्याला कुंपण व फाटक असते, त्याचे एकत्रित तिकीट असते, आणि त्यातील रांग ही आपोआप लागत नाही, ती आधीच आखलेली असते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जन्माला आल्या नाहीत. त्यांचा क्रम समजला की सहलीचे निम्मे कोडे सुटते.

३/ मौजेसाठी राखलेली जागा ही कल्पना जुनी आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगनजवळचे बाकेन हे उद्यान आपला प्रारंभ १५८३ पर्यंत मागे नेते. तेथे लोक आधी एका झऱ्याच्या पाण्यासाठी जमत आणि त्यांच्यामागोमाग खेळिये व फेरीवाले आले. म्हणजे मूळ रचना आपल्या जत्रेसारखीच. अठराव्या शतकातील लंडनच्या व्हॉक्सहॉल उद्यानात मात्र दारावर एक शिलिंग मोजावा लागे. आत संगीत, दिव्यांची रोषणाई आणि खाणेपिणे. ज्याच्या खिशात शिलिंग आहे तो उमराव असो वा दुकानदार, आत येई. ज्याच्या खिशात नाही तो बाहेर राही. फाटकाचे हे दुहेरी रूप लक्षात ठेवा. ते पुढे वारंवार भेटणार आहे.

४/ १५ ऑगस्ट १८४३ रोजी कोपनहेगनमध्ये टिव्होली उद्यान उघडले. त्याचा संस्थापक गेओर्ग कार्स्टेन्सन याने राजा आठव्या क्रिस्टियनची परवानगी मिळवताना, करमणुकीत रमलेली प्रजा राजकारणाचा विचार करत नाही, असा युक्तिवाद केल्याचे सांगितले जाते. टिव्होलीत पाळण्यांइतकेच महत्त्व बागेला, बाकांना, वाद्यवृंदाला आणि भोजनगृहांना होते. १९५१ मध्ये वॉल्ट डिस्ने तेथे जाऊन आला. येथून पहिला सल्ला घ्या : सहलीच्या दिवसाची आखणी करताना केवळ राइड मोजू नका, बसण्याचे तासही मोजा. दुपारचे दोन तास सावलीत, जेवणात आणि एखाद्या खेळाच्या प्रेक्षागृहात घालवणारे कुटुंब संध्याकाळी टवटवीत असते.

५/ मात्र सहलीचा खरा आरंभ तिकिटापासून होत नाही, रजेपासून होतो. भरपगारी रजा हा विसाव्या शतकातील कामगारांचा विजय आहे. फ्रान्समध्ये १९३६ च्या मोठ्या संपानंतर कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. ब्रिटनने त्या दिशेने १९३८ मध्ये कायदा केला. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने, वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगारास दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. घरातील दोघे कमावते असतील तर दोघांच्या रजा जुळवणे हेच नियोजनाचे पहिले पान. ज्यांना रजा म्हणजे बुडालेली मजुरी, त्यांची सहल याच पानावर अडते, हेही विसरू नये.

६/ आता अमेरिकेकडे वळू. १८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपल्याला ठाऊक असते. त्याच प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने २६४ फूट उंचीचा आकाशपाळणा उभारला होता. त्याला ३६ डबे होते आणि प्रत्येक डब्यात ६० माणसे मावत, म्हणजे एका वेळी २,१६० माणसे. प्रदर्शनाचा प्रवेश ५० सेंट, आणि पाळण्यात बसायचे तर आणखी ५० सेंट. दारावरचा आकडा आणि दिवसाअखेरचा खर्च यांतील दरी तेव्हापासूनची आहे. या प्रदर्शनाच्या बांधकामावर एलायस डिस्ने नावाचा एक सुतार राबला होता. तो वॉल्टचा पिता.

७/ त्याच सुमारास अमेरिकेतील ट्राम कंपन्यांना एक अडचण भेडसावत होती. आठवडाभर ट्राम भरून वाहत, सुट्टीच्या दिवशी मात्र रिकाम्या धावत. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय असा की मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर उद्यान उभारावे. पिट्सबर्गजवळचे केनीवुड (१८९८) हे अशांपैकीच एक. उद्यान हे जणू ट्रामच्या तिकिटासाठी लावलेले आमिष होते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १९२० मध्ये भुयारी रेल्वे पोचली आणि पाच सेंटात शहरातील गरिबातला गरीबही समुद्रकिनारी येऊ लागला. दुसरा सल्ला : प्रवासखर्च आधी लिहा, तिकीट नंतर. चौघांचे जाणे-येणे, वाहनतळ, परतीच्या उशिरामुळे करावी लागणारी टॅक्सी हे सारे मिळून कधी कधी प्रवेशशुल्काला मागे टाकते.

८/ कुंपणाची कल्पनाही कोनी आयलंडवरच रुजली. १८९५ मध्ये पॉल बॉयटनने तेथे सी लायन पार्क उघडले : चहूबाजूंनी बंदिस्त, दारावर पैसे. १८९७ मध्ये जॉर्ज टिल्यूने स्टीपलचेस पार्क काढले आणि पुढे २५ सेंटांचे एकत्रित तिकीट लोकप्रिय केले. फाटकामागे हेतू दोन होते. एक म्हणजे उत्पन्नाची खात्री; दुसरा म्हणजे गुंड, जुगारी आणि दारुडे बाहेर ठेवून 'सभ्य कुटुंबांना' आत बोलावणे. 'कौटुंबिक करमणूक' हा शब्दप्रयोग येथे जाहिरात म्हणून घडतो. कुटुंब आत यावे म्हणून कोणाला तरी बाहेर ठेवले जाते. प्रश्न असतो तो कोणाला, एवढाच.

९/ टिल्यूच्या धंदेवाईकपणाचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. १९०७ मध्ये स्टीपलचेस जळून खाक झाले. दुसऱ्या दिवशी त्याने फलक लावला आणि धुमसते अवशेष पाहण्यासाठी माणशी १० सेंट घेतले! हसू येते खरे. पण या किश्शात उद्यानांच्या अर्थशास्त्राचे सार आहे. फाटक एकदा उभे राहिले की आत काय आहे यापेक्षा आत जाण्याची ओढ विकली जाते. म्हणून एकत्रित तिकीट घेण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचे नाव लिहा आणि त्यापुढे तो नक्की बसेल अशा राइड लिहा. ज्या आजीला एकाही राइडमध्ये बसायचे नाही, तिच्यासाठी फक्त प्रवेशाचे वा सवलतीचे तिकीट मिळते का, हे विचारण्यात संकोच कसला?

१०/ आता रांग. कॅलिफोर्नियातील बुएना पार्क येथे वॉल्टर व कॉर्डेलिया नॉट हे दांपत्य बेरीची शेती करी. मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, कॉर्डेलियाबाईंनी आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या बशांत तळलेल्या कोंबडीचे जेवण वाढायला सुरुवात केली. किंमत ६५ सेंट. हळूहळू जेवणासाठी तासन्‌तास रांगा लागू लागल्या. ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांनी कंटाळून परत जाऊ नये म्हणून वॉल्टरने १९४० मध्ये शेजारी जुन्या पश्चिम अमेरिकेतील उजाड गावाची प्रतिकृती उभारण्यास घेतली. ती पाहायलाच लोक येऊ लागले. आज नामवंत असलेले नॉट्स बेरी फार्म हे पार्क म्हणजे मुळात रांगेतल्या माणसांचे मन रमवण्याचा एक उपाय!

११/ पुढे १९८५ मध्ये डेव्हिड माइस्टर या व्यवस्थापनतज्ज्ञाने वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर निबंध लिहिला. त्याचे मुद्दे साधे आहेत. रिकाम्या हातांनी पाहिलेली वाट गुंतलेल्या हातांनी पाहिलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते. किती वेळ लागेल हे ठाऊक नसले की ती आणखी लांब वाटते. एकट्याने तर सर्वांत लांब. थीम पार्कमधील रांगा नागमोडी, नटवलेल्या आणि वेळेचा फलक लावलेल्या का असतात, ते यावरून कळेल. तुम्हीही तेच करा. मुलांना 'थोडाच वेळ' असे सांगू नका. 'चाळीस मिनिटे' असे सांगा, आणि त्या चाळीस मिनिटांसाठी अंताक्षरी, कोडी किंवा एखादी गोष्ट हाताशी ठेवा.

१२/ १९५० च्या दशकात हे सारे धागे एका माणसाच्या हाती आले. आपल्या मुली फिरत्या घोड्यांवर बसलेल्या असताना स्वतः बाकावर बसून राहावे लागते, आईबापांनाही मुलांसोबत रमता येईल अशी जागा का असू नये, असे वॉल्ट डिस्नेला वाटत असे, हे त्याने स्वतः सांगितले आहे. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडून त्याने जागेचा अभ्यास करून घेतला आणि अनाहाइम येथील १६० एकर जमीन, बहुतांशी संत्र्यांच्या बागा, निवडली. शेजारून नवा महामार्ग जात होता. खर्च १.७ कोटी डॉलर. पैशांचा एक भाग एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने दिला. बदल्यात डिस्नेने तिच्यासाठी दर आठवड्याचा कार्यक्रम केला. उद्यान उघडण्यापूर्वीच ते घरोघरच्या पडद्यावर पोचले होते.

१३/ १७ जुलै १९५५. निमंत्रितांसाठी उद्‌घाटनाचा दिवस. बनावट आमंत्रणपत्रिकांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक, सुमारे २८ हजार माणसे आत शिरली. तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस. आदल्या रात्री ओतलेले डांबर पुरते घट्ट झाले नव्हते. बायकांच्या उंच टाचा त्यात रुतू लागल्या. नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची व्यवस्था व स्वच्छतागृहे यांतील एकच पुरी होणे शक्य होते. डिस्नेने स्वच्छतागृहे निवडली. खाद्यपदार्थ संपले, वायुगळतीमुळे एक भाग काही काळ बंद ठेवावा लागला. आणि हे सारे थेट प्रक्षेपणात! तरीही सात-आठ आठवड्यांत दहा लाखावा पाहुणा फाटकातून आत आला.

१४/ त्या एका दिवसातून निघणारे धडे आजही लागू पडतात. नव्या उद्यानाच्या वा नव्या राइडच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका. पायांत सवयीची, सपाट, बांधता येणारी पादत्राणे घाला. सहलीसाठी नवे बूट घेणे म्हणजे फोडांना निमंत्रण. पाणी कोठे मिळते आणि बाटली आत नेऊ देतात का, हे आधी विचारून ठेवा. टोप्या, औषधे, मुलांचे कपडे एका पिशवीत, आणि ती पिशवी दिवसभर वाहणारा माणूस एकच नसावा. फाटक उघडण्याच्या अर्धा तास आधी पोचा. पहिल्या दोन तासांत जे साधते ते दुपारच्या चार तासांत साधत नाही. दाराजवळच्या पहिल्या राइडपाशी सारे थांबतात, तेव्हा थेट दूरच्या टोकापासून सुरुवात करा.

१५/ सुरुवातीला डिस्नेलँडचा प्रवेश मोठ्यांना एक डॉलर होता आणि प्रत्येक राइडचे पैसे निराळे. दर वेळी खिशात हात घालण्याचा लोकांना त्रास होतो हे दिसताच ऑक्टोबर १९५५ मध्ये तिकीटवह्या आल्या. कुपनांवर ए, बी, सी अशी अक्षरे : ए सर्वांत साधी राइड. १९५६ मध्ये डी आणि १९५९ मध्ये ई जोडले गेले. अमेरिकन बोलीत 'ई तिकीट' हा शब्द पुढे उत्कृष्ट अनुभवासाठी रूढ झाला. ही पद्धत घरी वापरून पाहा. प्रत्येक सदस्याला एकच 'ई' आणि दोन 'डी' निवडू द्या. चौघांचे चार 'ई' सकाळी आणि संध्याकाळी उरकले की दिवस सफल झाला; उरलेले सारे वरकमाई समजा.

१६/ १९६१ मध्ये टेक्ससमध्ये सिक्स फ्लॅग्ज हे पार्क उघडले आणि तेथे दारावर एकदाच पैसे भरून सर्व राइड खुल्या, ही पद्धत रुळली. डिस्नेलँडनेही १९८२ मध्ये कुपने बंद केली. वरवर ही सोय वाटते. परंतु तिचा परिणाम बारकाईने पाहा. जोवर प्रत्येक राइडला किंमत होती, तोवर मोठी राइड महाग आणि लहान राइड स्वस्त असल्यामुळे गर्दी आपोआप वाटली जाई. किंमत उठली आणि सारे लोक मोठ्या राइडकडे वळले. पैशांनी होणारी वाटणी आता वेळेने होऊ लागली. लांबच लांब रांगा ही गैरव्यवस्थेची खूण असतेच असे नाही. ती त्या तिकीटपद्धतीचीच दुसरी बाजू आहे.

१७/ रांगेतही मग पैशाने पुन्हा प्रवेश केला. १९९९ मध्ये फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डने 'फास्टपास' आणला : चिठ्ठी घ्या, ठरलेल्या वेळी या, तोवर हिंडा. ही सोय फुकट होती. २०२१ मध्ये तिची जागा पैसे भरून घेण्याच्या सोयीने घेतली. २०१६ पासून डिस्नेलँडच्या एका दिवसाच्या तिकिटाची किंमत तारखेनुसार बदलू लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वांत महाग दिवसाचे तिकीट २०६ डॉलर झाले. तात्पर्य, तारीख हीच सर्वांत मोठी बचत. शाळेला सुट्टी पण सरकारी कचेरीला नाही असा दिवस, परीक्षेनंतरचा मधला वार, पावसाळ्यापूर्वीचा आठवडा शोधा. जलद रांगेचे तिकीट घ्यायचेच असेल तर घरातल्या चार 'ई'पुरता हिशेब करा. सरसकट घेऊ नका.

१८/ येथवरचा इतिहास पैशांचा आणि वेळेचा झाला. परंतु फाटकाने माणसे गाळण्याचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो टाळून 'कौटुंबिक सहल' हा शब्द प्रामाणिकपणे उच्चारता येणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील असंख्य करमणूक उद्यानांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. कोठे वर्षातून एखादा दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवत. कोठे उद्यान खुले, पण पोहण्याचा तलाव आणि नृत्यगृह बंद. हे केवळ दक्षिणेत नव्हते. ओहायोतील क्लीव्हलंडच्या यूक्लिड बीच पार्कसमोर १९४६ मध्ये याविरुद्ध निदर्शने झाली. पाणवठ्याचा प्रश्न माणुसकीचा कसा होतो, हे महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास जाणणाऱ्याला निराळे सांगायला नको.

१९/ सहलीच्या नियोजनाचे पुस्तक म्हणून ज्याकडे आपण पाहायलाच हवे ते म्हणजे 'ग्रीन बुक'. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ मध्ये ते सुरू केले. मोटारीने प्रवास करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाला कोणत्या गावात खोली मिळेल, कोठे जेवण मिळेल, कोठे गाडी दुरुस्त होईल, याची ती यादी होती. आज आपण 'उपयुक्त सूचना' वाचतो त्या सोयीसाठी. त्या कुटुंबांसाठी सूचना म्हणजे मुलांसमोर अपमान होऊ नये, रात्री अनोळखी गावात अडकून जिवावर बेतू नये, यासाठीची शिदोरी होती. हे पुस्तक १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत निघत राहिले.

२०/ ३० जून १९६० रोजी वॉशिंग्टनजवळच्या ग्लेन एको या उद्यानात हॉवर्ड विद्यापीठाचे काही विद्यार्थी तिकीट हाती घेऊन फिरत्या घोड्यांवर जाऊन बसले. रखवालदाराने उतरायला सांगितले. ते उतरले नाहीत. पाच जणांना अटक झाली. ही मुले वयाने आपल्याएवढीच, काही तर लहानच होती. मग उन्हाळाभर फाटकाबाहेर निदर्शने चालली आणि शेजारच्या बॅनॉकबर्न वसाहतीतील गोरी, बहुतांशी ज्यू, कुटुंबेही मुलाबाळांसह त्यांत उभी राहिली. १९६१ च्या मोसमात उद्यान सर्वांना खुले झाले. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या विद्यार्थ्यांची शिक्षा रद्द केली : रखवालदाराला शेरीफचे अधिकार दिलेले होते, म्हणजे भेदभाव राज्यसत्तेच्याच हातून झाला होता.

२१/ मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात मताधिकार, न्याय, हिंसा यांच्यासोबत एका करमणूक उद्यानाचाही उल्लेख आहे. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीने दूरचित्रवाणीवर फनटाउनची जाहिरात पाहिली होती आणि तिला तेथे का जाता येत नाही, हे तिला समजावून सांगताना बापाची जीभ अडखळत होती. डिस्नेने ज्या पडद्यावरून उद्यान घराघरांत पोचवले, तोच हा पडदा. जाहिरात सर्वांच्या घरात शिरते. फाटक मात्र सर्वांना आत घेत नाही. हा अंतर्विरोध एवढ्या गंभीर पत्रात एका लहान मुलीच्या डोळ्यांतील पाण्यातून येतो, यातच त्याचे वजन आहे.

२२/ बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक पार्कसमोर अनेक वर्षे निदर्शने होत होती. ४ जुलै १९६३, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तेथे पावणेतीनशेहून अधिक माणसांना अटक झाली. त्यांत धर्मगुरूही होते. अखेर मालकांनी माघार घेतली. उद्यान सर्वांना खुले झाले तो दिवस होता २८ ऑगस्ट १९६३. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये लाखो लोकांसमोर किंग यांचे ऐतिहासिक भाषण झाले. त्या दिवशी अकरा महिन्यांची शॅरन लँगली वडिलांच्या आधाराने तेथील फिरत्या घोड्यावर बसली. पुढे ते फिरते घोडे १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर नेण्यात आले.

२३/ १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने असा भेदभाव बेकायदा ठरवला. पण कथा तेथे सुखान्त होत नाही. इतिहासकार व्हिक्टोरिया वोल्कॉट यांनी दाखवले आहे की शहरांतील जुनी उद्याने खुली झाल्यावर अनेक गोऱ्या कुटुंबांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि ती एकेक करून बंद पडली. स्टीपलचेस १९६४ मध्ये, ग्लेन एकोचे पाळणे १९६८ मध्ये, यूक्लिड बीच १९६९ मध्ये. त्यांची जागा शहराबाहेर, महामार्गालगत, भरभक्कम प्रवेशशुल्क असलेल्या थीम पार्कांनी घेतली. डिस्नेलँडच्या दारावर रंगाची अट नव्हती. परंतु जेथे ट्राम पोचत नाही तेथे मोटार नसलेला माणूसही पोचत नाही. पाटी उतरली तरी अंतर आणि किंमत गाळण्याचे काम करीतच राहतात.

२४/ भारतात हा प्रवास बराच उशिरा सुरू झाला. दिल्लीत १९८४ मध्ये अप्पू घर उघडले. नाव १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या हत्तीवरून. मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आले आणि खाडी ओलांडणारी बोट हाच अनेक मुलांच्या सहलीचा पहिला पाळणा ठरला. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडले, तेही मुंबई-पुणे महामार्गाच्या आधाराने. गोराईची बोट ते खोपोलीचा महामार्ग हे अंतर आपल्या मध्यमवर्गाच्या वाहनाचेही अंतर आहे. म्हणून शाळेच्या सहलीचे महत्त्व मोठे : पुष्कळ मुलांसाठी या फाटकातून आत जाण्याची ती एकमेव संधी असते. वर्गातील ज्याला वर्गणी परवडत नाही त्याची सोय निमूटपणे करणे, हा सहल आखणाऱ्या शिक्षकांचा सर्वांत मोलाचा निर्णय म्हणावा लागेल.

२५/ फाटक घराच्या आतही असते. उंचीच्या पट्टीपाशी धाकट्याला अडवतात आणि तो रडवेला होतो. म्हणून राइडच्या उंचीची अट घरीच पाहा, दाराच्या चौकटीवर मुलाची उंची मोजा आणि तो कशात बसू शकेल ते त्याला आधी सांगा. बाळाला सांभाळत आई खालीच राहते. काही पार्कांत एक पालक बसून आला की दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता बसता येते, ती सोय मागून घ्या. आजोबांसाठी चाकांची खुर्ची मिळते का, हे फोनवर विचारा. संध्याकाळी हिशेब करताना किती राइड झाल्या हे मोजण्यापेक्षा कोण दिवसभर बाकावरच बसून होते, हे मोजा.

२६/ आता साऱ्याचा गोषवारा. रजा जुळवा. तारीख निवडा. प्रवासखर्च आधी लिहा. प्रत्येकाची 'ई' ठरवा. उघडण्यापूर्वी पोचा, दूरच्या टोकापासून आरंभ करा. दुपार सावलीत काढा. मुलांच्या खिशात पालकांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा आत शिरताच दाखवा. ती हलणारी वा गर्दीची नसावी. पिशवी आळीपाळीने वाहा. निघण्याची वेळ ठरवा आणि ती पाळा. शेवटची एक राइड अनेकदा साऱ्या दिवसाचा आनंद पुसून टाकते. काहीतरी पाहायचे राहू द्या.

२७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला रोलर कोस्टर कशाला अभ्यासायचा, असे विचारणारे भेटतात. उत्तर एवढेच की राजवाड्यात आणि किल्ल्यात कोण शिरले हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकतो. पण सामान्य माणसाला आयुष्यात ज्या फाटकांपाशी थांबावे लागते, ती फाटके तिकीटघराची, तलावाची, शाळेची असतात. तेथे कोण अडले आणि कोणी ती उघडवली, हाही राजकीय इतिहासच. पुढच्या सुट्टीत रांगेत चाळीस मिनिटे काढायची असतील, तेव्हा मुलांना सांगायला एक गोष्ट हवीच असेल. ग्लेन एकोच्या फिरत्या घोड्यांवर बसून राहिलेल्या त्या विद्यार्थ्यांची सांगा.